विश्लेषण : चालू न शकणाऱ्या मुलांना उभे का करतात? डॉ. लिटल यांच्या आयुष्यात दडलेले उत्तर

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला फिजिओथेरपिस्ट स्टँडिंग फ्रेममध्ये पट्टे बांधून उभे करतात, तेव्हा अनेक पालकांना प्रश्न पडतो : मूल चालणारच नसेल, तर उभे कशाला करायचे? याचे उत्तर समजून घेण्यासाठी या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन करणाऱ्या डॉ. विल्यम जॉन लिटल यांच्याकडे जावे लागते. त्यांचा स्वतःचाच एक पाय वाकडा होता.

कोण होते डॉ. लिटल?

लिटल यांचा जन्म १८१० मध्ये लंडनमध्ये झाला. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचे डावे पाऊल आत वळले. पुढे ते डॉक्टर झाले, पण स्वतःच्या पायावर इलाज मिळेना. टाचेमागची आखडलेली शीर कापायची, तर त्या काळी जखम चिघळण्याची मोठी भीती होती. लंडनच्या डॉक्टरांनी त्यांना परावृत्त केले.

जर्मनीतील हॅनोवर येथे डॉ. स्ट्रोमायर त्वचेला फक्त बारीक छेद देऊन ही शीर आतल्या आत कापत. १८३६ मध्ये लिटल यांनी त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. पाऊल सरळ झाले. मग ते तंत्र शिकून त्यांनी १८३७ मध्ये लंडनमध्ये आणले. पुढच्याच वर्षी त्यांनी अस्थिव्यंगांवरील उपचारांसाठी संस्था स्थापन केली. आजच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलचे मूळ त्या संस्थेत आहे.

त्यांनी काय शोधले?

उपचारांसाठी येणाऱ्या काही मुलांचे हातपाय कडक होते, पण कारण पोलिओ नव्हते. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढे लिटल यांनी निबंध वाचला. अकाली जन्म, अवघड बाळंतपण आणि जन्मताना गुदमरणे यांचा या कडकपणाशी संबंध असल्याचे त्यांनी मांडले. पुढे हा विकार ‘लिटल्स डिसीज’ म्हणून ओळखला गेला.

ते पूर्ण बरोबर होते का?

नाही. अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचा परिणाम असू शकते, असे सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९७ मध्ये सुचवले. बहुतेक मुलांमध्ये मेंदूची इजा जन्माआधीच झालेली असते, हे आता मान्य आहे. अकाली जन्म मात्र आजही मोठा धोका मानला जातो.

उभे राहण्याशी संबंध काय?

स्टँडिंग फ्रेम लिटल यांनी शोधलेली नाही. मात्र शीर कापून काम संपत नाही, हे त्यांच्या उपचारपद्धतीत स्पष्ट होते. शस्त्रक्रियेनंतर पाऊल उपकरणात बसवून हळूहळू सरळ केले जाई. वाढत्या अवयवाला रोज योग्य स्थितीत धरणे, हेच सूत्र आजच्या थेरपीतही आहे.

मेंदूची इजा वाढत नाही. पण आखडलेले स्नायू वाढत्या हाडांना वाकडे ओढत राहतात. खुब्याची वाटी लहानपणी पायांवर भार पडल्याने खोल होत जाते. भार न पडल्यास ती उथळ राहते आणि सांधा निखळू शकतो. आधाराने उभे केल्यास पोटऱ्या व गुडघ्यांमागचे स्नायू ताणले जातात, हाडांवर वजन येते.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे तासभर उभे करण्याचा सल्ला दिला जातो. सुरुवात मात्र काही मिनिटांनीच होते. पाय किती फाकवायचे, स्प्लिंट लागेल का, हे तज्ज्ञच ठरवतात. मूल दुखण्याने रडत असेल, तर थांबून खुबा तपासून घ्यावा.

डॉ. लिटल १८९४ मध्ये निवर्तले. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : ही थेरपी मेंदूची इजा भरून काढत नाही आणि चालण्याची हमीही देत नाही. मोठेपणी मुलाला वेदनेविना बसता यावे, कपडे बदलताना पाय सहज हलावेत, यासाठी ते आज उभे राहते.