मीराबेनची कुटी

एप्रिल-मे महिन्यांत मुखेडला कडक ऊन पडते. दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. पण जुन्या मातीच्या घरात पाऊल टाकले की बरे वाटते. मातीच्या घराचा हा गुण एका इंग्रज बाईंनी ओळखला होता. त्या म्हणजे मीराबेन.

मीराबेन यांचे मूळ नाव मॅडेलीन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील आरमारात मोठे अधिकारी होते. घरात कशाचीच कमतरता नव्हती. पुढे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांचे गांधीजींवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे मन पालटले. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. गांधीजींनी त्यांना मुलगी मानले व मीरा हे नाव दिले. त्या सूत कातायला शिकल्या, हिंदी शिकल्या. सफाईचे काम करतानाही त्यांना लाज वाटली नाही.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहायला आले. हेच आजचे सेवाग्राम. वर्ध्याचा उन्हाळा आपल्यापेक्षाही कडक! मीराबेन यांनी तेथे एक कुटी उभारली. माती, बांबू, लाकूड आणि कौले एवढेच तिचे साहित्य. भिंतींवर त्यांनी मातीनेच ताडाची झाडे व चरखा काढला.

ही कुटी गार का राहते? उष्णता नेहमी तापलेल्या बाजूकडून गार बाजूकडे जाते. पत्रा पातळ असतो. त्यातून ती लगेच आत शिरते. मातीची जाड भिंत मात्र हळूहळू तापते. उष्णता आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत दिवस कलतो. मातीत बारीक पोकळ्या असतात. त्यांत अडकलेली हवाही उष्णतेला अडवते. पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही आणि कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते.

पुढे ही कुटी गांधीजींनी राहण्यासाठी घेतली. लोक तिला बापू कुटी म्हणू लागले. देशाच्या मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा या साध्या भिंतींच्या आत झाली.

१९४२ च्या आंदोलनात मीराबेन यांना गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले होते. सुटकेनंतर त्यांनी हिमालयाच्या भागात गाई आणि जंगले यांसाठी काम केले. १९५९ साली त्या युरोपला परतल्या. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी व्हिएन्नाजवळ त्यांचे निधन झाले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या सैल भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. तेव्हापासून आपल्या भागात मातीच्या घराची भीती बसली. ती भीती खोटी नाही. पण दोष एकट्या मातीचा नव्हता. बांधणी कच्ची होती आणि वरचे ओझे फार होते. घर मजबूत हवे आणि गारही हवे. गरिबाच्या घरात पंखा नसला तरी भिंतीने त्याला सावली द्यावी, हे मीराबेन यांची कुटी आपल्याला शिकवते.

शब्दार्थ : आरमार – समुद्रावरील फौज, पडवी – घराबाहेरची छपराची जागा, धाबे – मातीचे सपाट छत.

स्वाध्याय : १. पत्र्याची खोली लवकर का तापते? २. तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत? दुपारी व रात्री त्यांना हात लावून पाहा आणि पाच वाक्ये लिहा.