डॉक्टर अंतोन चेखव

अंतोन चेखव हे नाव आपल्या सभासदांना कथाकार आणि नाटककार म्हणून परिचित आहे. ते पदवीधर डॉक्टर होते, हे मात्र सहसा ध्यानी राहत नाही. दक्षिण रशियातील तागानरोग या बंदराच्या गावी २९ जानेवारी १८६० रोजी एका किराणा दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७६ मध्ये वडिलांचे दिवाळे निघाले. मॉस्को विद्यापीठात वैद्यक शिकत असतानाच, १८८० पासून, ते विनोदी साप्ताहिकांत टोपणनावाने लिहू लागले ते निव्वळ घर चालावे म्हणून. १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. पण रोगी बहुधा गरीब, त्यामुळे संसाराचा भार पुढेही लेखणीनेच वाहिला.

१८९२ मध्ये मॉस्कोजवळच्या मेलिखोवो येथे ते राहावयास गेले आणि त्याच उन्हाळ्यात त्या मुलखावर पटकीचे सावट आले. पंचवीस खेडी, चार कारखाने व एक मठ एवढा टापू त्यांनी विनामोबदला सांभाळला. रोगी पहाटेपासून दाराशी येत. त्या काही महिन्यांत लेखन जवळजवळ थांबले.

हा शीण रोग्यापुढे बोलून दाखवता येत नाही. चेखव यांनी तो आपल्या कथा-नाटकांतील डॉक्टरांना दिला, असे मला वाटते. ‘वॉर्ड नंबर सहा’मधील डॉक्टर रागिन रोग्यांच्या यातनांकडे पाठ फिरवतो आणि अखेर त्याच वॉर्डात कोंडला जातो. ‘अंकल वान्या’तील आस्त्रोव्हला क्लोरोफॉर्मखाली दगावलेला रोगी विसरता येत नाही, तो मद्य पितो आणि झाडे लावतो. यात स्वतःविषयीची कणव कोठेही नाही. रोगवृत्त लिहावे तशा अलिप्तपणे सारे नोंदले आहे. समीक्षक ज्याला चेखव यांची तटस्थता म्हणतात, तिचे मूळ मला या वैद्यकी शिस्तीत दिसते.

एका बाबतीत मात्र ही शिस्त ढळली. पदवीच्याच वर्षी थुंकीतून रक्त पडले असता स्वतःची तपासणी करून घेण्याचे त्यांनी वर्षानुवर्षे टाळले. मार्च १८९७ मध्ये मोठा रक्तस्राव झाला, क्षयाचे निदान झाले आणि नियमित वैद्यकी सुटली. त्यानंतरच्या ‘तीन बहिणी’ या नाटकातील म्हातारा डॉक्टर आपली सारी विद्या विसरलेला आहे!

याल्टा येथील आजारपणातही तागानरोगच्या ग्रंथालयास पुस्तके पाठवण्याचा त्यांचा जुना क्रम चालूच होता. १५ जुलै १९०४ रोजी जर्मनीतील बाडेनवायलर येथे, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.