राणीच्या बागेतील मांद्रेकर

मुंबईस गेलेला गोमंतकीय भायखळ्याच्या राणीच्या बागेत जातो, तो बहुधा मुलांना वाघ-हत्ती दाखविण्यासाठी. त्याच आवारातील वस्तुसंग्रहालयास ज्यांचे नाव आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या पेडणे महालातील मांद्र्याचे. कोलवाळची नदी ओलांडली की त्यांचा मुलूख लागतो. तरी हे थोड्यांनाच ठाऊक असते.

रामकृष्ण विठ्ठल हे त्यांचे मूळ नाव. बालपणीच ते वडिलांबरोबर मुंबईस आले. काठेवाड व कच्छमधील बालकन्याहत्येवरील निबंधास त्यांना पारितोषिक लाभले. 1845 मध्ये निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते 1851 साली वैद्य होऊन बाहेर पडले. गोरगरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. महारोगावर देशी औषधी शोधण्याचा त्यांना ध्यासच होता.

परंतु केवळ डॉक्टर म्हणून त्यांची ओळख करून देणे अन्यायाचे होईल. रुग्ण तपासून उरलेला वेळ त्यांनी जुनी नाणी, हस्तलिखिते आणि शिलालेख यांना दिला. जुनागढचा रुद्रदाम्याचा लेख, अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा काळ यांवर त्यांनी विद्वत्तापूर्ण निबंध लिहिले. आम्ही मराठीचे अध्यापक कालिदासाच्या काळाचा वाद शिकवितो. त्यात या मांद्रेकराचा वाटा सांगावयाचा मात्र विसरतो.

माझगाव पोर्तुगीज अमलात सूझा घराण्याची जहागीर होती. तेथील माउंट इस्टेट या जुन्या खाजगी इस्टेटीवर वनस्पती उद्यान उभारण्यात आले. 1862 मध्ये त्याच उद्यानात संग्रहालयाचा पाया घातला गेला. नाना शंकरशेट आणि डेव्हिड ससून यांच्यासमवेत भाऊंनी त्यासाठी लोकवर्गणीचा भार वाहिला. पण 1865 साली शेअरबाजार कोसळला. वर्गणीचा ओघ आटला, भाऊंची स्वतःची संपत्तीही त्यात बुडाली, आणि अर्धवट इमारत पुरी करण्यास अखेर सरकारला हात घालावा लागला. एवढे गमावूनही भाऊंनी संशोधन सोडले नाही. 1869 व 1871 मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

2 मे 1872 रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले, ते राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स आल्बर्ट यांच्या नावाने. दोनच वर्षांनी, 31 मे 1874 रोजी, भाऊ निवर्तले. त्या वास्तूस त्यांचे नाव मिळाले 1975 साली.