सूर्यफुलाला तराजूत तोलणारा धर्मगुरू

वॉर्डात रुग्णाच्या कॉटला एक साधा कागद लटकवलेला असतो. शरीरात पाणी किती गेले आणि बाहेर किती पडले, याचा तो हिशेब. तोंडावाटे किती, सलाइन किती, लघवी किती, उलट्या-जुलाब किती, हे सगळे त्यावर मांडलेले असते. पण त्यात एक रकाना नेहमी अंदाजाने भरावा लागतो. त्वचेतून आणि श्वासातून नकळत उडून जाणारे पाणी कुठल्याच भांड्यात मोजता येत नाही. धडधाकट माणसात ते दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास असते, ताप आला की वाढते. ते पकडण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे रोज वजन करणे. नव्या डॉक्टरांना हे शिकवताना मला नेहमी इंग्लंडमधले एक धर्मगुरू आठवतात. त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी हाच हिशेब एका सूर्यफुलाच्या झाडाचा ठेवला होता. त्यांचे नाव स्टीफन हेल्स.

हेल्स यांचा जन्म 17 सप्टेंबर 1677 रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात बेक्सबर्न येथे झाला. 1696 मध्ये ते केंब्रिजला शिकायला गेले. शिक्षण धर्मशास्त्राचे, पण विल्यम स्टुकली या वैद्यकाच्या विद्यार्थ्याशी मैत्री जमली आणि दोघे मिळून रानोमाळ वनस्पती गोळा करू लागले, बेडकांचे विच्छेदन करू लागले. न्यूटन त्याच सुमारास केंब्रिज सोडून लंडनला गेले होते, पण निसर्गाचे कोडे सुटायचे तर ते वजन-मापानेच सुटेल, हा त्यांचा विचार तिथल्या हवेत होता. हेल्स यांनी तो आयुष्यभर सोडला नाही.

1709 मध्ये ते लंडनजवळ थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन या गावी धर्मगुरू म्हणून आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. रविवारी प्रवचन, गावातली लग्ने, बारशी, अंत्यविधी आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. 1720 मध्ये लग्न झाले, पण पुढच्याच वर्षी पत्नी वारली. मूलबाळ नव्हते. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

डॉक्टरांना हेल्स माहीत असतात ते वेगळ्याच कारणाने. रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो त्यांनी. आजारामुळे मारून टाकायच्या ठरवलेल्या एका घोडीला त्यांनी बांधून आडवे केले, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळेची नळी बसवली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच वर चढले. आज आपण दंडाला पट्टा बांधून जो आकडा वाचतो, त्याचा उगम इथे आहे. प्रयोग क्रूर होता, यात शंका नाही. शेजारच्या गावात राहणारे कवी अलेक्झांडर पोप यांना हेल्स माणूस म्हणून आवडत, पण त्यांचे हे उद्योग मुळीच पटत नसत. खुद्द हेल्स यांनाही या चिरफाडीचा उबग आला आणि बरीच वर्षे त्यांनी ते काम बाजूला ठेवले.

वनस्पतींकडे ते वळले ते एका अपघाताने. द्राक्षवेलीची एक फांदी छाटायला उशीर झाला होता. कापलेल्या जागेतून रस थांबता थांबेना, वेल मरेल अशी भीती वाटू लागली. रक्तस्राव थांबवायला आपण पट्टी बांधतो, तसा त्यांनी जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा त्या जखमेवर घट्ट बांधला. थोड्या वेळाने पाहतात तो आतल्या रसाच्या जोराने तो फुग्यासारखा टम्म फुगलेला. घोडीच्या धमनीला लावली तशीच नळी आता त्यांनी वेलीला लावली. रस एकवीस फुटांवर चढला. मुळे पाणी वर ढकलतात, हे असे समजले. पण वर चढलेले पाणी पुढे जाते कुठे?

यासाठी 1724 च्या जुलैत त्यांनी साडेतीन फूट उंचीचे, कुंडीत वाढलेले सूर्यफूल घेतले. कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने झाकले, सांधे लिंपून बुजवले आणि पाणी घालण्यापुरते भोक ठेवून त्यालाही बूच लावले. आता पाणी निसटणार ते मुख्यतः झाडातूनच. कुंडीच्या मातीच्या अंगातून झिरपणारे थोडेसे पाणी त्यांनी वेगळे मोजून वजा केले. मग 3 जुलै ते 8 ऑगस्ट या काळात पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, ती अख्खी कुंडी तराजूत घालून तोलली.

दिवसाच्या बारा तासांत झाडाने सरासरी एक पौंड चार औंस, म्हणजे सुमारे 570 ग्रॅम पाणी हवेत सोडले होते. कडक उन्हाच्या दिवशी हाच आकडा 850 ग्रॅमवर गेला. कोरड्या, उबदार रात्री मात्र जेमतेम 85 ग्रॅम; आणि दव पडले तर शून्य. पुढे त्यांनी दोऱ्यांची चौकट करून पानांचे क्षेत्रफळ मोजले. ते 39 चौरस फूट, जवळजवळ दोन दारांएवढे भरले. आकारमानाच्या प्रमाणात हे झाड माणसाच्या सतरा पट पाणी बाहेर टाकते, असा हिशेब त्यांनी मांडला.

हे काम पानांचेच, याची खात्रीही त्यांनी करून घेतली. सफरचंदासारख्या झाडांच्या फांद्या जोडीने कापून पाण्यात ठेवल्या, जोडीतल्या एकीची सगळी पाने खुडली. पाने असलेल्या फांद्यांनी बारा तासांत पंधरा ते तीस औंस पाणी ओढले, बिनपानांच्या फांदीने अवघा एक औंस. मुळे ढकलतात त्याहून पाने जास्त ओढतात, असा याचा अर्थ होता.

हे सारे 1727 मध्ये पुस्तकरूपाने आले. छपाईच्या परवानगीवर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष म्हणून सही होती आयझॅक न्यूटन यांची. त्यानंतर महिन्याभराने न्यूटन वारले.

त्या दिवस-रात्रीच्या फरकात एक मोठी गोष्ट दडलेली होती, ती हेल्स यांना उलगडली नाही. पानांवर बारीक छिद्रे असतात हे मार्चेल्लो माल्पिगी आणि नेहेमाया ग्रू यांनी सूक्ष्मदर्शकातून आधीच पाहिले होते. हे दोघेही डॉक्टर, हा आमच्या व्यवसायाचा अभिमान. पण ती छिद्रे उघडमीट करतात आणि कशी करतात, हे समजायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. 1856 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हुगो फॉन मोल यांनी त्याचा उलगडा केला.

प्रत्येक छिद्राच्या, म्हणजे पर्णरंध्राच्या, दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची एकेक रक्षक पेशी असते. सकाळी उजेड पडला की या पेशी पोटॅशियम आत खेचतात. त्यामागोमाग पाणी आत शिरते आणि पेशी फुगतात. छिद्राकडची त्यांची भिंत जाड असते, त्यामुळे त्या फुगताना बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधे फट पडते. अंधार झाला की पोटॅशियम बाहेर, पाणी बाहेर. पेशी मऊ पडतात आणि फट मिटते. जमीन कोरडी पडली तर झाड ॲब्सिसिक ॲसिड हे संप्रेरक तयार करते आणि भर दिवसाही दारे लावून घेतली जातात. हेल्स यांच्या वहीतले ते 570 आणि 85 हे आकडे बऱ्याच अंशी याच दारांच्या उघडमिटीचे होते.

मग इतके पाणी जाते तर झाड दारे कायमची बंद का करत नाही? कारण त्याच दारातून त्याचे अन्न आत येते. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतल्याशिवाय प्रकाशसंश्लेषण होत नाही, आणि दार उघडले की आतली वाफ बाहेर पळते. कार्बन डाय-ऑक्साइडच्या एका रेणूमागे बहुतेक झाडांना पाण्याचे काही शे रेणू गमवावे लागतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यातला पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग असाच उडून जातो. दार उघडावे तर तहान, मिटावे तर उपासमार. झाडाचे सगळे आयुष्य या कात्रीत जाते. निवडुंग आणि अननस यांनी त्यावर तोड काढली आहे. ते रात्री थंडाव्यात दार उघडून कार्बन डाय-ऑक्साइड साठवतात आणि दिवसा दार लावून त्यावर काम करतात.

पाने हवेतूनही काही पोषण घेत असावीत, असा हेल्स यांचा तर्क होता. त्या काळी तो धाडसी होता. निरनिराळे पदार्थ तापवून निघणारे वायू पाण्यावर गोळा करण्याची युक्ती त्यांनीच वापरात आणली. पण ते सारे वायू म्हणजे एकच हवा, असे ते समजत राहिले. त्या हवेतले वेगवेगळे वायू ओळखण्याचे काम पुढे प्रीस्टली आणि लाव्हाझिए यांच्या पिढीने केले.

कोंडलेली हवा मारक असते, हे मात्र त्यांच्या मनाने पक्के घेतले होते. त्यांनी मोठ्या भात्यांची वायुवीजन यंत्रे तयार केली. ती जहाजांवर आणि तुरुंगांत बसली. 1752 मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पवनचक्कीवर चालणारे यंत्र बसवताना तिथले काही कामगारच तुरुंगातल्या तापाने आजारी पडले. तो ताप म्हणजे टायफस. तो हवेने नव्हे, उवांमुळे पसरतो, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. कारण चुकले, तरी माणसांना मोकळी हवा मिळाली पाहिजे हा आग्रह चुकीचा नव्हता. क्षयरोगाच्या रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, असे आम्ही आजही सांगतो.

मोठे मान मिळाले, तरी हेल्स गावातच राहिले. 1754 मध्ये गावाला पाणीपुरवठा आला, त्यात त्यांचा हात होता. दोन क्वार्टचे भांडे भरायला लंबकाचे किती झोके लागतात, हे मोजून त्यांनी चर्चच्या दप्तरात नोंदवले. सत्याहत्तराव्या वर्षीही मोजण्याची सवय सुटली नव्हती. 4 जानेवारी 1761 रोजी ते टेडिंग्टनलाच वारले. त्याच चर्चच्या मनोऱ्याखाली त्यांना पुरले आहे.

त्यांचा प्रयोग घरी करून पाहता येतो. उन्हातल्या झाडाच्या पानांनी भरलेल्या फांदीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवून देठाशी बांधा. थोड्या वेळात आत पाण्याचे थेंब दिसतील. हेल्स यांनी हेच काचेच्या भांड्याने केले होते. मुलांना ते थेंब दाखवा. आणि घरात तापाने फणफणलेले लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर त्याच्या अंगातूनही असेच पाणी जात असते, हे लक्षात ठेवा. जुलाब नाहीत, उलटी नाही, म्हणून पाणी कमी झालेले नसेल असे समजू नका. जीभ कोरडी पडली, लघवी कमी झाली, तर वाट पाहू नका. पाणी, सरबत, ताक, पेज देत राहा आणि मूल किंवा वृद्ध माणूस मलूल दिसले, तर डॉक्टरांकडे न्या.