देवस्थान बिलाचे कर्ते कै. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख

जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी ज्या थोर पुरुषांचे स्मरण करावयास हवे, त्यांत वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव अग्रभागी आहे. शिक्षणमहर्षी म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु देवळाचे दार सर्वांना उघडे असावे आणि देवळाचा हिशेबही उघडा असावा, यासाठी त्यांनी जी खटपट केली ती फारशी सांगितली जात नाही. म्हणून हा अल्प परिचय.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. वडील शामराव, मातोश्री राधाबाई. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून १९२० साली ते विलायतेस गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले, शिवाय वेदवाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परत येऊन त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली. पण नुसत्या वकिलीत त्यांचे मन रमेना. १९२७ साली अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली, तीत ते पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. भाऊसाहेबांचा विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाहही त्याच साली झाला. बोलल्याप्रमाणे वागणारा हा माणूस होता. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलवर निवडून आले व मंत्री झाले. १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती बिल आणले. देवस्थानची मिळकत ही कोणा एकाची नसून समाजाची आहे, तिच्यावर देखरेख असावी व तिचा उपयोग लोकहितासाठी व्हावा, असा त्याचा आशय होता. धर्मात ढवळाढवळ होते म्हणून सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला आणि बिल संमत होऊ शकले नाही. वेदांचा अभ्यास केलेल्या माणसालाच धर्मबुडवा ठरविण्यात आले, हा दैवदुर्विलास होय.

तथापि विचार मरत नसतो. भाऊसाहेब पुढे घटना समितीचे सभासद झाले, आणि १९५० साली अमलात आलेल्या त्या घटनेने अस्पृश्यता कायमची रद्द केली. त्याच वर्षी मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला व पुढे तो विदर्भासही लागू झाला. आज प्रत्येक नोंदलेल्या देवस्थानास हिशेब ठेवावा व तपासून घ्यावा लागतो. कचेरीत कागद सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनास त्याचे मोल कळते. वही चोख असली की वर्गणी देणाऱ्या गरिबाचे मन निःशंक राहते.

श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे हे संस्थापक व केंद्रात कृषिखाते सांभाळलेले मंत्री १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस निवर्तले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते.

कळस चढेल, रंग लागेल. पण दार आणि वही ही दोन्ही उघडी राहिली, तरच जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल. भाऊसाहेबांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.