आफ्टरशॉकचे गणित मांडणारे ओमोरी

मोठा भूकंप होऊन गेला म्हणजे धोका संपला, असे होत नाही. लहान-मोठे धक्के बसतच राहतात आणि घाबरलेले लोक घरात परतायला धजावत नाहीत. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्याने हे अनुभवले आहे. नंतरच्या या धक्क्यांना, म्हणजे आफ्टरशॉकना, काही नियम असतो का? तो असतो, हे १८९४ साली एका तरुण जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यांचे नाव फुसाकिची ओमोरी.

ओमोरी यांचा जन्म १८६८ साली जपानमधील फुकुई येथे झाला. टोकियोच्या विद्यापीठातून ते १८९० साली भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. त्या काळात तेथे जॉन मिल्न हे ब्रिटिश प्राध्यापक भूकंपांचा अभ्यास करत होते. ओमोरी त्यांच्या हाताखाली शिकू लागले आणि वर्षभरातच निसर्गाने मोठी परीक्षा घेतली.

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानमध्ये नोबीचा भूकंप झाला. त्यात सात हजारांहून अधिक माणसे दगावली. नेओ नदीच्या खोऱ्यात जमीन दुभंगली आणि एका ठिकाणी तर ती सुमारे ६ मीटर वर-खाली झाली. पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेल्या नव्या विटांच्या इमारती आणि लोखंडी पूलही टिकले नाहीत. हादरलेल्या सरकारने पुढच्याच वर्षी भूकंप संशोधन समिती नेमली. ओमोरी यांचे पुढचे बहुतेक आयुष्य या समितीच्या कामात गेले.

नोबीनंतर धक्के थांबत नव्हते. गिफूच्या वेधशाळेत दोन वर्षांत तीन हजारांहून अधिक धक्क्यांची नोंद झाली. ओमोरी यांनी या नोंदी दिवसवार, महिनावार मांडल्या. वरवर पाहता कसाही वाटणारा हा पसारा एका साध्या सूत्रात बसला. मुख्य भूकंपानंतर जितका काळ लोटतो, त्याच्या व्यस्त प्रमाणात धक्क्यांची संख्या घटते. ढोबळमानाने सांगायचे, तर पहिल्या दिवशी १०० धक्के बसले असतील, तर दहाव्या दिवशी सुमारे १० आणि शंभराव्या दिवशी एखादाच बसेल. संख्या आधी झपाट्याने घटते आणि मग शेपूट लांबत जाते. नोबीच्या धक्क्यांचे हे शेपूट पुढे शंभर वर्षे याच नियमाने लांबत गेल्याचे दिसून आले.

असे का होते, हे मात्र ओमोरी यांना ठाऊक नव्हते. त्याचे एक पटणारे उत्तर १९९४ साली, बरोबर शंभर वर्षांनी मिळाले. जमिनीखालच्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर प्रचंड दाबाने टेकलेले असतात आणि घर्षणामुळे अडकून राहतात. मोठ्या भूकंपात ते सरकले, की आजूबाजूच्या भागांवर नवा ताण येतो. जे भाग आधीच निसटण्याच्या बेतात असतात, ते लगेच सरकतात, बाकीचे हळूहळू. अमेरिकेतील जेम्स डीटरिच यांनी प्रयोगशाळेत खडकांचे घर्षण मोजून त्याचे समीकरण मांडले आणि त्यातून ओमोरी यांचा नियम आपोआप बाहेर पडला.

युरोपात शिकून परतल्यावर, १८९७ साली ओमोरी टोकियोत भूकंपशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी आडव्या लंबकाचा भूकंपमापक विकसित केला. बिजागरीवर दार फिरावे, तसे त्यात जड वजन आडवे झुलते. जमीन हलली तरी वजन जागीच राहू पाहते आणि त्या फरकाची रेघ फिरत्या कागदावर उमटते. जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्यात तयार झालेली अशी यंत्रे जगभर बसवली गेली. भूकंपाची पहिली लहर आणि मागून येणारी दुसरी लहर यांच्यातले सेकंद मोजायचे, त्याला साधारण साडेसातने गुणायचे, की जवळच्या भूकंपाचे किलोमीटरमधले अंतर मिळते. हे सोपे सूत्रही ओमोरी यांचेच.

भूकंप कुठेही होवो, ओमोरी तिथे पोहोचत. १९०५ साली आपल्याकडे कांगडा खोऱ्यात भूकंप झाला, त्यावर त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला. १९०६ साली ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तेथे जपानी माणसांविषयीच्या द्वेषातून त्यांच्यावर दगडफेक झाली, तरी त्यांनी काम पुरे केले.

ज्वालामुखींकडेही त्यांनी भूकंपमापकाच्या नजरेतून पाहिले. १९१० साली होक्काइडो बेटावरचा उसु पर्वत हादरू लागला. तिथल्या पोलिसप्रमुखाने पूर्वी ओमोरी यांची व्याख्याने ऐकली होती. वाढते धक्के म्हणजे उद्रेकाची चाहूल असू शकते, हे लक्षात ठेवून त्याने सुमारे १५ हजार लोकांना हलवले. त्यानंतर स्फोट झाले. ओमोरी यांनी तेथे यंत्रे बसवून खालून सरकणाऱ्या शिलारसामुळे होणारी थरथर नोंदवली. १९१४ साली साकुराजिमाचा मोठा उद्रेक झाला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे जमिनीच्या उंचीचे सर्वेक्षण त्यांनी ताडून पाहिले, तेव्हा खाडीभोवतीची जमीन खचलेली आढळली. खालचा शिलारस बाहेर पडला, तशी वरची जमीन बसली. १९५८ साली कियो मोगी यांनी याच आकड्यांवरून शिलारसाच्या साठ्याची जागा आणि खोली काढण्याची रीत दिली. ती आजही वापरली जाते.

एवढे यश पदरी असलेल्या या शास्त्रज्ञाची आठवण जपानमध्ये मात्र एका वादासाठीही काढली जाते. त्यांच्याच विभागातील अकित्सुने इमामुरा यांनी १९०५ साली एका मासिकात लेख लिहिला. टोकियो परिसरातल्या जुन्या भूकंपांची अंतरे पाहता येत्या ५० वर्षांत मोठा भूकंप शक्य आहे, लाकडी घरांच्या शहरात आग लागली तर लाखभर माणसे जातील, तेव्हा आतापासूनच तयारी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांनी ते भडक करून छापले आणि शहरात घबराट पसरली. लोकांना शांत करण्यासाठी ओमोरी पुढे आले. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. इमामुरा यांच्यावर खोटारडेपणाचा शिक्का बसला. भूकंपाची वेळ सांगता येत नाही, हे ओमोरी यांचे म्हणणे बरोबरच होते. पण घबराट थांबवताना तयारीचा मुद्दाही मागे पडला.

१ सप्टेंबर १९२३ रोजी ओमोरी वैज्ञानिक परिषदेनिमित्त ऑस्ट्रेलियात होते. सिडनीतील रिव्हरव्ह्यू वेधशाळा पाहत असताना तिथल्या भूकंपमापकाची सुई त्यांच्यासमोरच जोरात हलू लागली. तो टोकियोचा भूकंप होता. दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी धक्का बसला, चुलींतून आगी लागल्या, पाण्याच्या वाहिन्या फुटल्या. सुमारे १ लाख ५ हजार माणसे गेली, त्यातली बहुतेक आगीत. इमामुरा यांनी वर्तवलेले जवळजवळ सगळे खरे ठरले.

मेंदूतील गाठीमुळे आजारी असलेले ओमोरी ऑक्टोबरमध्ये मायदेशी परतले. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागेवर इमामुरा यांची नेमणूक झाली.

भूकंपाचा दिवस आणि वार आजही कोणाला सांगता येत नाही. तसा दावा करणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवू नये. मात्र पूर्वी भूकंप झालेल्या भागात तो पुन्हा होऊ शकतो, हे धरून मजबूत घरे बांधणे आणि आगीपासून बचावाची सोय करणे आपल्या हाती असते. ओमोरी यांचा नियमही हेच शिकवतो. आफ्टरशॉकची संख्या दिवसागणिक घटते, पण त्यातला एखादा मोठा धक्का उशिराही बसू शकतो. म्हणून तडे गेलेल्या घरात तपासणीशिवाय परत जाऊ नये. पुढचा धक्का नेमका कधी बसेल ते ठाऊक नाही, म्हणून तो बसणारच नाही असे मानणे महागात पडते.