मातीत दडलेली अर्धी अँटेना

रेडिओ केंद्राचा मनोरा दुरूनही नजरेत भरतो. त्याच्या पायथ्याशी मातीत पुरलेले तांब्याच्या तारांचे जाळे मात्र कुणाला दिसत नाही. या अदृश्य भागाचे मोल प्रयोगाने सिद्ध करणारे अमेरिकी अभियंते म्हणजे डॉ. जॉर्ज हॅरॉल्ड ब्राऊन.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०८ रोजी विस्कॉन्सिन राज्यात झाला. तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट १९३३ साली संपादन करून ते न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे आरसीए कंपनीत रुजू झाले.

उभ्या अँटेनेतील विद्युतप्रवाहाला परतीची वाट जमिनीतूनच शोधावी लागते. माती चांगली वाहक नसल्याने प्रक्षेपकाची बरीचशी शक्ती तिला तापविण्यातच वाया जाते. यावर उपाय म्हणून मनोऱ्याच्या बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तारा पसरतात. त्यांनाच 'रेडियल' म्हणतात. पण त्या किती असाव्यात? ब्राऊन यांनी रॉबर्ट लुईस व जेस एपस्टाईन या सहकाऱ्यांसह २ पासून ११३ पर्यंत तारा जमिनीत गाडून ३ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येवर चिकाटीने मोजमापे घेतली. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले, की पुरेशा लांबीच्या सुमारे १२० तारा असतील तर ठेंगणा मनोराही जवळपास उंच मनोऱ्याइतके काम देतो. अमेरिकेतील मध्यम लहरींच्या केंद्रांसाठी १२० तारा हा पुढे प्रघातच पडला.

१९३८ च्या सुमारास ब्राऊन व एपस्टाईन यांनी जमिनीलाच खांबावर चढविले. उंचावरील अँटेनेच्या तळाशी आडव्या सळ्या जोडल्या, की त्याच जमिनीचे काम करतात. ही 'ग्राउंड प्लेन' अँटेना होय. ब्राऊन यांच्या मोजमापानुसार दोन सळ्या पुरेशा होत्या. मात्र दोनच सळ्यांची अँटेना चारी दिशांना सारखे प्रक्षेपण करील, हे विक्री विभागाला पटेना. अखेर चार सळ्या लावूनच ती बाजारात आली!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडिओ लहरींच्या उष्णतेने पेनिसिलिन सुकविण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. रंगीत दूरचित्रवाणीच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९६७ साली त्यांना एडिसन पदक लाभले. ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही हौशी रेडिओचालक परसात तारा पुरताना ब्राऊन यांच्याच आकडेवारीचा आधार घेतात, आणि गच्चीवरच्या ग्राउंड प्लेनला बहुधा चारच सळ्या लावतात.